देवीच्या गळ्यातल्या किल्ल्या

बसा मंडळी, बसा. मागचे पुढं या. खांबाला टेकून बसलेत ते तसेच राहू देत, झोप लागली तर निदान पडायचे नाहीत. हरिनाम घेऊन झालं, टाळ थांबले. आता एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका.

घरात चोर शिरला, चोरी करून गेला. दाराशी राखणदार होता. त्याला घरच्या बाईनं विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" तो म्हणाला, "ठीक आहे." सांगा, पाप कोणाचं मोठं? चोराचं की राखणदाराचं?

चोराचं! कोण म्हणालं ते? तुम्ही? बरं. आख्यान संपेपर्यंत हे उत्तर जवळ ठेवा. मग बघू, तोंडातून पुन्हा निघतं का.

ऐका. मोरघाट नावाचं एक संस्थान होतं. बखरीत शोधू नका, सापडायचं नाही. छोटं संस्थान. एक नदी, एक डोंगर, डोंगरावर देवी, खाली पेठ. पेठेत सराफांच्या सात पेढ्या. आणि नदीकाठी साळ्यांची आळी – साठ घरं, साठ माग. पहाटेपासून खटक-खट, खटक-खट. मोरघाटच्या माणसाला घड्याळ लागत नसे. मागांचा आवाज थांबला की समजायचं, जेवायची वेळ झाली.

या संस्थानावर कर्ज होतं. दचकू नका! कर्ज काढणं पाप नाही. थोरल्या महाराजांनी नदीवर पूल बांधला, त्यासाठी मुंबईच्या एका पेढीकडून दोन लाख काढले. पुलावरून गाड्या जायला लागल्या, जकात वाढली, जकातीतून दरसाल हप्ता जात होता. कर्ज कामाला लागलं होतं. घरात आणलेला बैल औताला जुंपला तर त्याच्या वैरणीचं ओझं होत नाही. नुसता गोठ्यात बांधून त्याच्या शिंगांना रंग लावत बसलात, तर काय होईल?

पण थोरल्या महाराजांनी दोन रीती घालून दिल्या होत्या. त्या नीट ऐका, कारण सगळं आख्यान त्या दोन रीतींवर उभं आहे.

पहिली रीत. दर गुढीपाडव्याला कचेरीच्या पायरीवर दरबारचं देणं मोठ्यानं वाचलं जायचं. किती काढलं, किती फेडलं, किती राहिलं. आणि वाचन चालू असताना राजा गादीवर बसायचा नाही. उभा राहायचा. अनवाणी! ऊन असो, पायरी तापलेली असो. थोरले महाराज म्हणायचे, "देणेकरी बसून ऐकत नाही."

दुसरी रीत. सराफानं लोकांच्या ठेवी घ्याव्या, व्यापार करावा, पण ठेवीचा चौथा हिस्सा रोकड चांदी तिजोरीत पडून पाहिजे. हात लावायचा नाही. आणि तो हिस्सा आहे की नाही हे पाहायला एक माणूस नेमलेला – तिजोरीपारखी. सातही तिजोऱ्यांची दुसरी किल्ली त्याच्या कमरेला. कधी येईल त्याचा नेम नाही. सराफ जेवायला बसला असेल, पूजेला बसला असेल, पारखी आला की तिजोरी उघडायची.

आमच्या आख्यानाच्या वेळी हा पारखी होता विसाजीपंत. वाळक्या काडीसारखा माणूस, पण त्याचा दरारा असा की तो पेठेतून निघाला की किल्ल्यांच्या आवाजानं सराफ उठून उभे राहायचे. आणि लोक? ठेव ठेवायची तर सराफाला काही विचारायचेच नाहीत. पंतांना विचारायचे. दोन शब्द. "पंत, पाहिली?" पंतांनी "पाहिली" म्हटलं की झालं. कागद नाही, साक्षीदार नाही. मोरघाटात त्या एका शब्दावर मुलींची लग्नं ठरत होती.

पुढं थोरले महाराज गेले. धाकटे गादीवर आले. धाकट्यांना हौस फार! राजवाड्यात विजेचे दिवे पाहिजेत. बागेत नाचणारं कारंजं पाहिजे. पाणी कुठून आणायचं? नदीतून. पैसा कुठून आणायचा? तोही वाहतोच आहे की, म्हणाले. आणि त्यांना जोडीला मिळाले दिवाण सदानंदराव. हुशार माणूस. गोड बोलणारा. मंडळी, गाढवानं राज्य बुडत नाही. गाढवाचं कोण ऐकतं?

पहिल्याच पाडव्याला दिवाण म्हणाले, "महाराज, उन्हात कशाला उभं राहायचं? बसून ऐका." महाराज बसले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या पाडव्याला दिवाण म्हणाले, "एवढा लांबलचक कागद कशाला वाचायचा? लोकांची कामं खोळंबतात. कचेरीत ठेवू, ज्याला बघायचं त्यानं यावं." किती जण गेले असतील बघायला? तुम्ही गेला असता? नाही. मीही गेलो नसतो.

देणं दोन लाखांचं पाच झालं, पाचाचं नऊ. जुना हप्ता द्यायचा तर नवं कर्ज. आपल्याच पदराचा तुकडा कापायचा आणि त्याच पदराला ठिगळ लावायचं. मुंबईची पेढी म्हणाली, आता आणखी नाही. मग दिवाणांची नजर गेली ती पेठेतल्या सात तिजोऱ्यांवर. तिथं चौथा हिस्सा चांदी शांत पडून होती.

दिवाणांनी सराफांना बोलावलं. म्हणाले, "शेटजी, ही चांदी तिजोरीत नुसती झोपा काढते. मोकळी करा! दरबारला द्या, दरबार तुम्हाला रोखा लिहून देईल, वर चांगलं व्याज देईल. रोखा तिजोरीत ठेवा, तोच चांदीच्या जागी धरू. आणि ही पारख-बिरख कशाला? व्यापारी काय स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल? बाजाराला बाजाराची अक्कल असते. त्याला मोकळं सोडा, तो आपली राखण आपण करील."

सराफ खूश! सगळ्यांत खूश रघुशेट पोतदार, पेठेतली सगळ्यांत मोठी पेढी त्याची. फक्त विसाजीपंत म्हणाले, "सरकार, लोकांच्या ठेवीच्या बदल्यात तिजोरीत काय? दरबारचा शब्द. दरबार तो शब्द कशानं पाळणार? लोकांच्या ठेवींनी. मग खरं काय आहे कुठं?"

दिवाण हसले. म्हणाले, "पंत, तुम्ही दमलात. तुमचा सत्कार करू."

आणि मंडळी, आता बघा त्या माणसाची हुशारी. किल्ल्या काढून घेतल्या असत्या तर लोक भडकले असते. नदीत टाकल्या असत्या तर कोणी बुडी मारून काढल्या असत्या. दिवाणांनी काय केलं? नवरात्रात वाजतगाजत, अब्दागिरी धरून, त्या सात किल्ल्यांचा जुडगा डोंगरावर नेला आणि देवीच्या गळ्यात घातला! "आजपासून मोरघाटच्या तिजोऱ्यांची राखण आई करील!" लोकांनी गुलाल उधळला. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. पंतांना शाल मिळाली, पगार चालू राहिला, देवीचे मानकरी झाले.

हुशारी कशात? देवाला वाहिलेलं परत घेत नाहीत. कुठल्या कायद्यानं जी गोष्ट कायमची बंद करता आली नसती, ती आपल्याच भक्तीनं बंद झाली. देवी काय म्हणाली असेल? काही नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढची तीन वर्षं – खरं सांगतो हं, खोटं कशाला बोलू – पेठ फुलली. सराफ व्याज दुप्पट द्यायला लागले. दुकानांना पाट्या आल्या. कारंजं नाचायला लागलं. साळ्यांची लुगडी वाड्यांतून, पेठेतून दुप्पट खपली. लोक म्हणायचे, "बघा, उगीच घाबरत होतो." वाईट गोष्ट वाईट तोंडानं आली तर कोणी दार उघडेल का? ती पेढे घेऊनच येते.

पण विसाजीपंतांचे डोळे काही कोणी देवीला वाहिले नव्हते. ते रोज दुपारी पेठेच्या तोंडाशी ओट्यावर बसायचे. रघुशेटच्या पेढीतून पेटी निघायची, ती चार हमाल वाकून दरबारात न्यायचे. परत येताना तीच पेटी एक जण बगलेत मारून आणायचा, बाकीचे तीन हात हलवत. तीन वर्षं पंतांनी हे पाहिलं. तिजोरी न उघडता त्यांना कळलं होतं आत काय आहे. एकदा ते दिवाणांकडं गेलेही. दिवाणांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "पंत, तुमच्या तोंडून 'नाही' निघालं तर दुपारपर्यंत पेठ कोसळेल. हजार घरं बुडतील. ते पाप तुमच्या माथी. त्यापेक्षा गप्प राहा. पुढच्या साली मी सगळं ठीक करतो."

पंत गप्प राहिले. आणि मनाला समजावलं, की मी गप्प आहे ते लोकांसाठीच.

आता त्या साठ मागांकडं या. साळ्यांच्या आळीचा एक सामाईक गल्ला होता, सुताचा. प्रत्येक मागामागं दर आठवड्याला थोडं थोडं जमायचं. राखीपौर्णिमा झाली की घाटावरून सूतवाला पाच गाड्या घेऊन यायचा, पुलापलीकडं मुक्काम टाकायचा आणि आळी वर्षाचं सूत एकदम घ्यायची. सूत आलं तर वर्षभर माग चालणार. नाही आलं तर साठ घरांत चूल नाही. इतकं सरळ. हा गल्ला सांभाळायची सगुणाबाई. पन्नाशीची विधवा बाई, लिहिता येत नव्हतं, पण कोणी किती दिलं ते पाठ. आळीतला पुरुषसुद्धा तिच्यापुढं बोटं मोजून बोलायचा.

आषाढात सगुणाबाई पंतांच्या ओट्यापाशी आली. पदराखाली गाठोडं.

"पंत, सुताचं पैसं हाईत. समद्या आळीचं. राखीपुनवेपतूर ठेवायचं. घरी ठिवू का रघुशेटकडं?"

पंत म्हणाले, "घरी का ठेवत नाही?"

"पत्र्याचं घर, पंत. परवा शेजारी चोरी झाली. तुमी सांगाल तसं. तिजोरी पाहिली?"

मंडळी, इथं थांबा. टाळ नको, मृदंग नको. ऐका फक्त. पंतांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या हातातल्या गाठोड्याकडं पाहिलं. समोरून तीन हमाल हात हलवत येत होते. आणि दिवाणांचं बोलणं आठवलं.

"पाहिली," पंत म्हणाले. "ठेवा."

तिनं नमस्कार केला आणि गेली.

डोळ्यांनी नाही देखिले ।
मुखाने "आहे" म्हणितले ।
तयाने घर बुडविले ।
शेजाऱ्याचे ॥

श्रावण लागला. मुंबईच्या पेढीची मुदत भरली. पेढीनं नवं कर्ज नाकारलं. आणि राखीपौर्णिमेच्या तोंडावर, एका सोमवारी कचेरीच्या दारावर एका ओळीचा कागद लागला, "दरबारची सर्व देणी तूर्त तहकूब." तहकूब! किती सभ्य शब्द. आपण सोसायटीत "हप्ता तहकूब" म्हणून कागद लावून बघा, दुसऱ्या दिवशी म्हैस सोडून नेतील.

पेठेत धावाधाव झाली. सहा सराफांनी तिजोऱ्या उघडून दाखवल्या, आत दरबारचे रोखे. लोकांनी ते रस्त्यात फेकले. सातवा रघुशेट. तो आदल्या रात्रीच किल्ली घेऊन पसार! पण त्याची तिजोरी बंद होती. लोखंडी, माणसाएवढी, भिंतीत बसवलेली. आणि बंद तिजोरीसारखी आशा लावणारी गोष्ट या जगात दुसरी नाही. लोक म्हणाले, "रघुशेट पळाला, पण एवढी चांदी डोक्यावर घेऊन थोडाच पळणार? आतच आहे!"

कोणी म्हणालं, फोडा. दुसरा म्हणाला, फोडायला लागलो तर लूट होईल, गरिबाच्या हाती काय लागेल? मग? दुसरी किल्ली आहे की! कुठं आहे? देवीच्या गळ्यात. झालं. देवीच्या गळ्यातलं काढायचं कोणी? कोप झाला तर? पुजारी म्हणाला, कौल लावू. देवीच्या अंगावर फुलं चिकटवली आणि बसले, उजवं पडतं की डावं पडतं ते बघत. एक दिवस गेला, फूल पडेना. दुसरा दिवस गेला, पडेना.

तोवर साळ्यांनी काय केलं? तिजोरीभोवती पहारा बसवला! पाळीपाळीनं, काठ्या घेऊन, आपल्या पैशाची राखण. सगुणाबाई तर तिथून हललीच नाही. तिजोरीला पाठ लावून बसली. भाकरी तिथंच.

आणि पुलापलीकडं सूतवाला येऊन थांबला होता. दोन दिवस त्यानं वाट पाहिली. मग स्वतः आला. भला माणूस! म्हणाला, "बाई, मला पुढं जायचंय, बाकीची गावं खोळंबली आहेत. तुमची माझी वीस वर्षांची ओळख. आळीतल्या बायकांचं किडूक-मिडूक ठेवा माझ्याकडं, सूत घ्या, सवडीनं सोडवा."

सगुणाबाईनं त्याला काय उत्तर दिलं? "लेकीबाळींचं डोरलं कशापायी गहाण टाकू, दादा? पैसं हाईत की हितंच, माझ्या पाठीशी. पंतांनी डोळ्यांनी पाहिल्यात. उद्या किल्ली येईल."

विसाजीपंत ओट्यावर होते. दहा पावलांवर. त्यांनी हे ऐकलं. एक शब्द बोलायचा होता, मंडळी. एकच! "बाई, आत काही नाही. डोरली द्या आणि सूत घ्या." साठ घरं त्या एका शब्दावर वाचत होती. पेठ बुडायची ती बुडाली होती, आता तर दिवाणांची भीतीही उरली नव्हती. मग का बोलले नाहीत? कारण ते बोलणं म्हणजे "आषाढात मी खोटं बोललो" असं म्हणणं होतं. तेवढं तोंडातून निघेना. राज्य बुडत चाललंय आणि हा माणूस आपली अब्रू धरून बसलाय! हसू नका. मी अशी माणसं रोज बघतो. दाढी करताना आरशातसुद्धा बघतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे पंत उठले. झोप लागलीच नव्हती. अनवाणी डोंगर चढले. गाभाऱ्यात शिरले. पुजारी ओरडला, "पंत, वाहिलेलं आहे ते! निर्वंश होईल!"

पंत म्हणाले, "व्हायचा तो झालाय." आणि देवीच्या गळ्यातून किल्ल्या काढल्या. आकाश फाटलं नाही. वीज पडली नाही. फुलं तेवढी घरंगळली, उजवी आणि डावी, दोन्ही.

पेठेत आले. लोक उठून उभे राहिले, पूर्वी सराफ राहायचे तसे. सगुणाबाई बाजूला झाली. पंतांनी किल्ली घातली, फिरवली, दार ओढलं.

कागद. लाल दोऱ्यानं बांधलेले दरबारचे रोखे, वर महाराजांचा शिक्का. पहिल्या खणात कागद, दुसऱ्या खणात कागद. तिसरा खण मोकळा. त्यात सगुणाबाईचं गाठोडं बांधलेलं फडकं तेवढं होतं.

सगुणाबाईनं ते फडकं उचललं, झटकलं, घडी केली. आणि एकाएकी धावत सुटली. पन्नाशीची बाई, पेठेतून, पुलावरून, अनवाणी, पदराचं भान नाही. पुलापलीकडं चुलीचे तीन दगड होते. राख होती. हात लावून पाहिलं तर राख अजून कोमट होती. गाड्या पहाटेच गेल्या होत्या.

ती परत आली. पंत तसेच उभे होते, किल्ली कुलपात. सगळ्यांना वाटलं, आता ही शिव्या देणार, तोंड ओरबाडणार. तिनं काही केलं नाही. म्हणाली,

"पंत, रघुशेटवर माजा भरवसा नव्हताच. म्हणून तर तुमाला इचारलं."

बस. एवढंच.

त्या दिवाळीला साळ्यांच्या आळीत पणत्या लागल्या नाहीत. मागाची लाकडं आधी विकली, मग जाळली. माणसं मुंबईला गेली, कोण सोलापूरला, कोण कुठं. म्हातारी माणसं मागं राहिली, त्यातली चार पुढचा उन्हाळा बघायला नव्हती. मोरघाटात जेवायची वेळ झाली हे आता कशावरून कळायचं? आवाज थांबायला आधी आवाज तर पाहिजे. धाकटे महाराज थंड हवेच्या ठिकाणी गेले. दिवाणांना दुसऱ्या संस्थानात नोकरी मिळाली. मिळणारच, अनुभवी माणूस!

पाडवा आला. कचेरीला कुलूप. विसाजीपंत त्या पायरीवर अनवाणी उभे राहिले आणि दरबारचं देणं मोठ्यानं वाचायला लागले. सगळं. कारंज्याचं, दिव्यांचं, व्याजाचं, व्याजावरच्या व्याजाचं. ऐकायला कोणी नव्हतं. रस्त्याच्या पलीकडं एकच बाई उभी होती. शेवटी पंतांनी कागद खाली केला आणि पाठ म्हटल्यासारखं म्हणाले, "साठ माग. देणेकरी विसाजी."

बाईनं ऐकलं. आणि निघून गेली. माफ केलं? मला माहीत नाही. माझ्या गुरूंनी हे आख्यान सांगितलं, त्यांनी तेवढंच सांगितलं. मी विचारलं, तिनं माफ केलं का? ते म्हणाले, "तू पंतांच्या जागी असशील तेव्हा तिला विचार."

तर मंडळी, पाप कोणाचं मोठं? मघाशी "चोराचं" म्हणणारे कुठं आहेत? गप्प का?

आता आजचं बोलू. आपल्या सरकारवर कर्ज किती? माहीत नाही. ठीक आहे, ते लांब राहिलं. जवळचं विचारतो. कीर्तनाआधी याच मंडपात आपल्या पतपेढीची वार्षिक सभा झाली. अहवाल वाचला – वाचला म्हणजे पानं उलटली. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, "मंजूर?" आपण सगळे म्हणालो, "मंजूर!" तोवर चहा आला होता. ठेवी कुठं गुंतवल्या, कोणाला दिल्या, राखीव किती, कोणी विचारलं? नवे नियम सुटसुटीत केले म्हणे, आता तपासणी दर साल नाही. आपण टाळ्या वाजवल्या.

"आपण" म्हणतोय मी. कारण मीही तिथंच बसलो होतो. मीही "मंजूर" म्हणालो. आणि त्याहून वाईट सांगतो. दोन वर्षांपूर्वी पतपेढीची नवी शाखा उघडली, तेव्हा नारळ मी फोडला. याच तोंडानं तुम्हाला म्हणालो, "देवाच्या दारातली पेढी आहे, निर्धास्त ठेवा." या समोर बसलेल्या पार्वतीबाईंनी माझ्या शब्दावर नवऱ्याच्या फंडाचे पैसे ठेवले. बाई, मी काही पाहिलं नव्हतं. एक कागद पाहिला नव्हता. हे आज सांगतोय, दोन वर्षं उशीर झालाय. राख कोमट आहे की गार, देव जाणे.

आता आरतीची वेळ. पण आरती थोडी थांबेल, देवाला घाई नाही. सगळे उभे राहा. लहान-थोर सगळे. चपला बाहेरच आहेत, अनवाणी आहातच. अध्यक्षसाहेब, तुम्हीही उठा. कोणी चोर म्हणत नाही तुम्हाला. असेलही सगळं जागेवर, देव करो आणि असो. पण कपाटाची किल्ली तुमच्या खिशात आहे, वह्या शेजारच्या खोलीत आहेत.

आणा. वाचा. आम्ही उभे आहोत.